सासूबाईंचा ओठ आणि सुनेची भाजी

पत्राचा सारांश: नागपूरच्या एका वाचक भगिनीचं हे पत्र. वय ३६, शाळेत शिक्षिका. घरी नवरा, दोन मुलं आणि ६४ वर्षांच्या सासूबाई. दिवाळीपासून आतापर्यंत सासूबाईंचा ओठ चार वेळा सुजला. पहिल्यांदा आदल्या रात्री घरी गोडंबीची भाजी होती. दुसऱ्यांदा सावजी मसाल्याचा पाटवडी रस्सा. तिसऱ्यांदा वांग्याचं भरीत. प्रत्येक वेळी पहाटे उठल्यावर वरचा किंवा खालचा ओठ टम्म फुगलेला, न खाज, न पुरळ. गल्लीतल्या मेडिकल स्टोअरमधून सेट्रिझिन आणली की दुसऱ्या दिवशी सगळं जागेवर. "तुझ्या हातचं मला सोसून नाही राहिलं," असं म्हणून सासूबाईंनी संक्रांतीपासून स्वतःची खिचडी वेगळी शिजवायला घेतली. तरी मागच्या आठवड्यात चौथ्यांदा ओठ सुजलाच. त्यावर नणंदेचं म्हणणं, मसाला भांड्यांना बसला आहे. वाचक विचारतात: भांडी वेगळी करू? स्वयंपाकघर त्यांच्या हाती देऊन मोकळी होऊ? की शंभर पदार्थांची ॲलर्जी दाखवणारी ती महागडी रक्ततपासणी करून घेऊ, म्हणजे एकदाचा निकाल लागेल? जाता जाता त्यांनी लिहिलं आहे की सासूबाईंना चार वर्षांपासून बीपीची आणि गेल्या वर्षापासून शुगरची गोळी आहे, आणि सहा-सात महिन्यांपासून कोरडा खोकला आहे, "पण तो कूलरच्या हवेचा असावा."

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा एका सुनेचं पत्र म्हणून, दुसऱ्यांदा डॉक्टर म्हणून. दुसऱ्या वाचनात माझं बोट त्या शेवटच्या ओळीवर अडलं. गोडंबीच्या भाजीवर तुम्ही पाऊण पान लिहिलंत. खसखस किती, खोबरं कसं भाजायचं, सगळं. बीपीच्या गोळीवर अर्धी ओळ, आणि तिचं नाव नाहीच. मला हवी होती ती नेमकी तीच गोष्ट.

म्हणून बाकी सगळं बाजूला ठेवून आधी एक काम करा. सासूबाईंच्या गोळ्यांचा डबा उघडा आणि बीपीच्या गोळीची पट्टी हातात घ्या. पुढच्या मोठ्या अक्षरांतलं नाव कंपनीनं ठेवलेलं असतं, ते सोडा. त्याखाली बारीक अक्षरात औषधाचं खरं नाव असतं. चष्मा लावा, नाही तर मोबाइलनं फोटो काढून मोठा करून पाहा. त्या नावाच्या शेवटी 'प्रिल' आहे का? एनालाप्रिल, रामिप्रिल, लिसिनोप्रिल, पेरिंडोप्रिल असं काही? असेल, तर आजची पुढची गोळी देण्याआधी ज्यांनी ती लिहून दिली त्या डॉक्टरांना फोन करा. उद्यावर ढकलू नका. "या गोळीवर असताना आईंचा ओठ चारदा सुजला आहे, आणि कोरडा खोकलाही आहे," एवढं एक वाक्य सांगितलंत तरी पुरे. पुढचं त्यांना कळतं.

पत्र वाचून निदान करू नये, हे मलाही ठाऊक आहे. पट्टीवर दुसरंच काही निघालं तर मी खोटा ठरेन, चालेल. पण पहाटे येणारी सूज, खाज नाही, अंगावर गांधी नाहीत, दीड-दोन दिवसांत आपोआप उतरणं आणि सोबत कोरडा खोकला, इतकं सगळं एका पत्रात आलं की 'प्रिल' औषधांवर संशय घेणं भाग आहे.

ही औषधं वाईट नाहीत. बीपी उतरवतात, हृदयाला आणि मधुमेहात मूत्रपिंडाला जपतात. त्यांचा जन्मही गमतीचा आहे. ब्राझीलमधल्या एका विषारी सापाच्या विषाचा अभ्यास करताना शास्त्रज्ञांना त्यांचा धागा सापडला आणि त्यातून या घराण्यातलं पहिलं औषध, कॅप्टोप्रिल, तयार झालं. अमेरिकेत १९८१ साली त्याला मान्यता मिळाली. शरीरातलं जे एन्झाइम रक्तवाहिन्या आवळायला मदत करतं, त्याला ही गोळी रोखते. अडचण अशी, की त्याच एन्झाइमकडे आणखी एक काम असतं: ब्रॅडिकायनिन नावाच्या पदार्थाचे तुकडे करायचं. एन्झाइम अडलं की ब्रॅडिकायनिन साचतं. बारीक रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपू लागतं आणि जिथली कातडी सैल असते, म्हणजे ओठ, पापण्या, जीभ, घसा, तिथे ते साठतं. बहुतेकांना काहीच होत नाही. हजारात साधारण एक ते सात जणांना अशी सूज येते, बायकांना पुरुषांपेक्षा जास्त. खोकला त्याहून कितीतरी जणांना होतो, दहातल्या एखाद्याला तरी. तेव्हा कूलरवर आळ घेण्याआधी गोळीचा विचार करायचा.

"पण चार वर्षं तीच गोळी घेताहेत, तेव्हा काहून नाही झालं?" हे तुम्ही विचारणारच. मीही एकेकाळी असाच विचार करायचो. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत एका काकांना मी तीनदा ॲलर्जीची गोळी देऊन घरी पाठवलं होतं. चौथ्यांदा त्यांची जीभ सुजली तेव्हा माझे डोळे उघडले. वेळेत मोठ्या दवाखान्यात पोचले म्हणून निभावलं. त्यांची बीपीची गोळी तीन वर्षं जुनी होती, म्हणून मी तिच्यावर संशयच घेतला नव्हता. ही सूज पुष्कळदा पहिल्या काही आठवड्यांत येते, पण महिन्यांनी आणि वर्षांनीही येते. येते, जाते, मध्ये दोन महिने काहीच नसतं. माणूस मग काल रात्रीचं ताट आठवतो. रोज सकाळी चहाबरोबर गिळलेली गोळी कोणाला आठवत नाही.

आता तुमच्या भाजीकडे येऊ. तुमच्या पत्रातल्या दोन गृहीतकांशी माझं भांडण आहे.

पहिलं हे, की शेवटचं जे पोटात गेलं तेच गुन्हेगार. अन्नाच्या ॲलर्जीला इतका दम नसतो. शेंगदाणे, काजू, अंडं, दूध, मासे, झिंगे, तीळ यातलं ज्याला सोसत नाही त्याला बहुधा काही मिनिटांत, फार तर दोन तासांत कळतं. तोंडात खाज येते, अंगावर गांधी उठतात, पोटात कळ येते, उलटी होते. रात्री साडेआठला जेवलेल्या भाजीनं पहाटे पाचला, एकाही गांधीशिवाय, फक्त ओठ सुजवायचा, हे त्या भाजीच्या स्वभावात बसत नाही. आणि चौथ्या वेळेला तर खिचडी त्यांनी स्वतःच शिजवली होती. तुम्हीच लिहिलं आहे हे, पण त्याचा अर्थ लावायला धजावला नाहीत.

गोडंबीवर मात्र मला जरा थांबायचं आहे, कारण तिच्यावरचा संशय वेडगळ नाही. गोडंबी म्हणजे बिब्याच्या आतला गर. बिब्याच्या टरफलातलं काळं तेल किती जहाल असतं ते विदर्भातल्या माणसाला सांगायला नको. बिबा उतला की कातडी लाल होते, फोड येतात, आग होते, खाज सुटते. फोडताना हलगर्जीपणा झाला आणि गरावर ते तेल राहिलं तर ओठ उतू शकतो. पण तो असा मऊ, गुबगुबीत, बिनखाजेचा फुगत नाही. चरचरतो, सालपटं निघतात, तोंडाचे कोपरे सोलवटतात. आणि ती भाजी घरात पाच जणांनी खाल्ली. बिबा उतायचा तर तुम्हा सगळ्यांत एकट्या आईंनाच निवडून कसा उतेल? कैरीचा चीकही याच जातीचा, आंबा आणि बिबा एकाच कुळातले. देठाकडचा चीक न धुता कैरीला दात लावणाऱ्या पोरांचे ओठ एप्रिल-मेमध्ये माझ्याकडे हमखास येतात. त्यांना मी सांगतो की साबणानं धुवा, दोन-चार दिवस काही लावू नका, फार आग असेल तर दाखवा, आणि कैरी देठ कापून पाण्यात टाकून मगच खा. तुमचं प्रकरण हे नाही.

दुसरं गृहीतक असं, की सेट्रिझिननं सूज उतरली, म्हणजे ॲलर्जीच होती. ही सूज एक ते तीन दिवसांत आपली आपण उतरते. गोळी दिली नसती तरी उतरली असती. सेट्रिझिन हिस्टामिनवर, म्हणजे ॲलर्जीत अंगात सुटणाऱ्या पदार्थावर, काम करते, आणि इथे हिस्टामिनचा संबंधच नाही. त्या गोळीनं अपाय फारसा नाही, थोडी झोप येते एवढंच. खरा तोटा वेगळा आहे: ती दिली की घरच्यांना वाटतं उपाय सापडला, आणि मूळ गोळी तशीच चालू राहते. पुढची सूज ओठावरच थांबेल याची हमी कोणी देऊ शकत नाही.

म्हणून ती शंभर पदार्थांची रक्ततपासणी आत्ता नको. पैशांपेक्षा मला तिच्या निकालाची भीती वाटते. अशा तपासणीत रक्तात जे सापडतं त्याचा अर्थ "शरीराची या पदार्थाशी ओळख झाली आहे" एवढाच असू शकतो, तो पदार्थ बाधतोच असं नाही. समजा त्या कागदावर वांगं, शेंगदाणा आणि गहू यांच्यापुढे खुणा आल्या, तर आईंच्या ताटातून उरलंसुरलंही जाईल, आणि ओठ पाचव्यांदा सुजेलच. ॲलर्जीची तपासणी आधी हकीकत ऐकून, नेमका संशय घेऊन करायची असते. जाळं टाकून मासा लागतो का पाहायची ती गोष्ट नव्हे.

आता पुढचं सांगतो.

डॉक्टरांकडे जाताना सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या एका पिशवीत घालून न्या. सगळ्या म्हणजे खरंच सगळ्या. गुडघा दुखला की मेडिकलवाल्याकडून आणलेली डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन, शेजारणीनं दिलेलं चूर्ण, काढा, सगळं. दुखण्याच्या या गोळ्यांनीही काहींचे ओठ आणि पापण्या सुजतात, तेव्हा त्यांचा जबाब घेतल्याशिवाय सोडायचं नाही. शुगरच्या गोळीच्या नावाचा शेवट 'ग्लिप्टिन' असा असेल तर तेही आवर्जून सांगा. 'प्रिल' आणि 'ग्लिप्टिन' एकत्र असले की अशा सुजेचा धोका वाढू शकतो. तुमच्या पत्रात शुगरची गोळी गेल्या वर्षी सुरू झाली आणि सूज दिवाळीपासून, ही जुळणी मला नुसता योगायोग वाटत नाही.

सुजलेल्या ओठाचे फोटो असतील तर न्या, वेळेसकट. तुमच्या पिढीला हे सांगावं लागत नाही, पण आईंना फोटो काढू द्यायचे नसतील. सुजलेलं तोंड कोणाला दाखवावंसं वाटतं? तेव्हा विचारून काढा.

संशय खरा असला तर डॉक्टर 'प्रिल' बंद करून दुसऱ्या घराण्यातली गोळी देतील. बहुधा कॅल्शियम रोखणारी, किंवा 'सार्टन' नावाची, तीही सुरुवातीला जरा लक्ष ठेवून. मनानं गोळी सोडून बीपी वाऱ्यावर टाकू नका, त्यात पक्षाघाताची भीती आहे. बदल डॉक्टरांच्या हातूनच व्हायला हवा, पण तो आठवडाभर लांबवायचा नाही. एकदा 'प्रिल'नं सूज आली की त्या घराण्यातलं कुठलंच औषध पुन्हा नाही, कंपनी बदलली तरी नाही. फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईनं लिहून ठेवा. पुढे कधी दाताच्या किंवा मोतीबिंदूच्या डॉक्टरांकडे गेलात तरी तेच पान आधी दाखवा.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, नाही तर पुन्हा तुमच्या भाजीवर येईल. गोळी बंद केल्यावरही काही आठवडे, क्वचित काही महिने, एखादी सूज येऊ शकते. लगेच गोळीला निर्दोष ठरवून मसाल्याला धरू नका. आणि तीन-चार महिन्यांनंतरही सूज येतच राहिली, तर मग दुसरी शक्यता पाहायला हवी. सी-वन इनहिबिटर नावाच्या प्रथिनाच्या कमतरतेनं येणारी सूज असते. ती बहुधा लहानपणापासून, घराण्यात, पोटाच्या जीवघेण्या कळांसह दिसते. चौसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा येणं दुर्मीळ, पण वयस्कांत काही रक्ताच्या आजारांमागून येणारा तिचा एक प्रकार आहे. त्यासाठी सी-फोर नावाची तपासणी करतात. आज तिचा विचार करायचं कारण नाही.

आता रात्रीची गोष्ट. आईंची जीभ सुजली, आवाज घोगरा किंवा बदललेला वाटला, लाळ गिळता येईना, श्वासाला घरघर लागली, तर सेट्रिझिन शोधत बसायचं नाही आणि गल्लीतला दवाखाना उघडायची वाट पाहायची नाही. १०८ ला फोन करायचा, किंवा गाडीत घालून थेट अशा दवाखान्यात, जिथे रात्रभर तातडी विभाग आणि श्वासाची सोय आहे. मेडिकल, मेयो ही सरकारी रुग्णालयं किंवा तुमच्या भागातलं मोठं खासगी रुग्णालय, जे जवळ असेल ते. नाव आजच ठरवून फ्रिजवर चिकटवून ठेवा. त्यांना बसवून न्या, आडवं पाडून नको. तोंडात पाणी-गोळी काही घालू नका. आणि दारात पोचल्याबरोबर सांगा, "बीपीची अमुक गोळी चालू आहे." नेहमीच्या ॲलर्जीत इंजेक्शनं जशी भराभर काम करतात, तशी या सुजेत करतीलच असं नाही. श्वासाची वाट सांभाळणं हेच तिथे मुख्य काम असतं, आणि गोळीचं नाव कळलं की डॉक्टर त्याच तयारीला लागतात.

पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी उलट बाजूही सांगतो. खाल्ल्यावर किंवा मधमाशी, गांधीलमाशी चावल्यावर काही मिनिटांत ओठ सुजला, अंगावर गांधी उठल्या आणि जोडीला श्वास लागला, चक्कर आली किंवा उलट्या सुरू झाल्या, तर ती जोराची ॲलर्जी आहे. तिथे ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत, हाच पहिला उपचार. सेट्रिझिन त्याची जागा घेऊ शकत नाही. चक्कर असेल तर आडवं झोपवून पाय वर, श्वास लागला असेल तर बसवून. रुग्णाला चालवत नेऊ नका, उचलून न्या. आणि बरं वाटलं तरी काही तास दवाखान्यात थांबा, लाट पुन्हा येऊ शकते.

"उष्णतेनं झालं असेल" असं तुमचे यजमान म्हणाले, तेही लिहिलंय तुम्ही. पत्रात त्यांचं एवढं एकच वाक्य आहे, बिचारे. नागपूरचा पारा पंचेचाळिशीला टेकला म्हणून आतून ओठ फुगत असते, तर नवतपात अख्खी सीताबर्डी फुगलेल्या ओठांनी फिरली असती. उन्हानं ओठ सुकतात, भेगा पडतात, कडक उन्हात तासन्‌तास राहिलं तर भाजून सुजतातही, पण त्याला सालपटं आणि जळजळ असते. कूलरसमोर झोपून, दर पाच मिनिटांनी ओठांवर जीभ फिरवून ते आणखी वाळवण्यात आमची पोरं पटाईत. जीभ फिरवणं बंद आणि झोपताना व्हॅसलीनचा जाड थर, एवढंच त्याचं औषध. घरचं तूपही चालेल. पण तुरटी, चुना, टूथपेस्ट, लिंबू सुजलेल्या ओठाला लावणं सोडा. बर्फ लावायचा तर कपड्यात गुंडाळून दहा मिनिटं, थेट नाही.

या वर्षात ओठांवर मला बरीच पत्रं आली, त्यांना एकदमच उत्तर देऊन टाकतो. महिनोन्‌महिने ओठांना खाज, सालपटं, मधूनच सूज, असं लिहिणाऱ्या कॉलेजच्या मुलींनी लिपस्टिक, लिप बाम आणि टूथपेस्ट तिन्ही तीन आठवडे बदलून पाहावं. दालचिनी किंवा पुदिन्याच्या वासाच्या पेस्ट पुष्कळांना सोसत नाहीत. ही ॲलर्जी दोन दिवसांनी उगवते, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. तापानंतर किंवा उन्हातून आल्यावर ओठाच्या कडेला मुंग्या येऊन बारीक पाण्याचे फोड येतात, ती नागीण नव्हे आणि पालही चाटलेली नाही. तो हर्पीसचा विषाणू. ॲसायक्लोव्हिरचं मलम मुंग्या आल्याबरोबर सुरू केलं तरच थोडा उपयोग, फोड फुटल्यावर नाही. तोवर बाळांचे मुके घेऊ नका. एका बाजूचा ओठ सुजून ठणकतोय, ताप आहे, वरचा दात दुखतोय, तर तो दाताचा गळू समजा आणि दाताच्या डॉक्टरांकडे जा. मेडिकलच्या परिसरात शासकीय दंत महाविद्यालय आहेच. ओठाच्या आत चावल्या जागी पाण्याची निळसर गोळी येते आणि फुटते, पुन्हा येते, ती निरुपद्रवी असते. सुईनं फोडू नका, डॉक्टर मुळासकट काढतात.

आणि तंबाखू-सुपारीचा खर्रा खाणाऱ्यांनो, तुमच्याशी मी नेहमीसारखा गोड बोलणार नाही. ज्या बाजूला खर्रा दाबून ठेवता त्या बाजूच्या ओठाला किंवा गालाला कडकपणा, न दुखणारी गाठ, पांढरा-लाल डाग, तीन आठवड्यांत न भरणारी जखम, किंवा तोंड पूर्वीसारखं उघडत नाही, यातलं काहीही असेल तर सुजेचं मलम विचारायला पत्र लिहू नका. ज्या दिवशी हे वाचाल त्याच आठवड्यात तोंड तपासून घ्या.

ताई, पुन्हा तुमच्या घरात येतो.

पट्टीवर 'प्रिल' निघाला तर तुमच्या मनात पहिलं काय येईल ते मी सांगू शकतो. सहा महिने ऐकून घेतलंय तुम्ही. ती पट्टी घेऊन थेट नणंदेला व्हिडिओ कॉल लावावासा वाटेल. लावू नका, निदान त्या दिवशी. मला वाटतं, तुम्ही आईंच्या खिचडीचा अर्थ चुकीचा लावला आहे. तुम्हाला तो अपमान वाटला, आणि संक्रांतीपासून तसं वाटत राहिलं तर त्यात तुमचा काही दोष नाही. पण पहाटे पाचला उठून आरशात आपलंच तोंड ओळखू न आलेल्या बाईची बाजूही पाहा. ६४ व्या वर्षी, कारण माहीत नाही, पुन्हा कधी होईल माहीत नाही. माणूस अशा वेळी जे आपल्या हातात आहे ते घट्ट धरतो. त्यांच्या हातात ताट होतं. बोलणं चुकलं हे खरंच, पण मुळात त्या घाबरल्या आहेत असा माझा कयास आहे. तुम्ही त्यांना जवळून पाहता, मी नाही. चुकत असेन तर सांगा.

म्हणून डॉक्टरांकडे त्यांच्यासोबत तुम्ही स्वतः जा, नवऱ्यावर सोपवू नका. नवरे डॉक्टरांकडून "सब ठीक है" एवढंच घरी आणतात. डॉक्टर गोळीबद्दल जे सांगतील ते आईंच्या समोरच सांगू द्या, तुमच्या तोंडून नको. मग नणंदेला काय सांगायचं ते आईच सांगतील, आणि ते तुम्ही सांगण्यापेक्षा शंभर पटींनी पोचेल. आईंनी सांगितलं नाही, विषय टाळला, तर महिन्याभरानं नवऱ्याला सांगा की बहिणीला फोन कर. एवढं तर त्यांना जमायला हवं.

भांडी वेगळी करू नका. एकदा वेगळं मांडलेलं बिऱ्हाड पुन्हा एक होताना फार वेळ लागतो, हे मी ओठांपेक्षा जास्त घरं पाहून सांगतोय. खिचडी त्यांना हवी तितके दिवस करू द्या, फक्त ती तुमच्याच कुकरमध्ये, तुमच्याच ओट्यावर होऊ द्या. गोळी बदलून दोन-तीन महिने शांततेत गेले की एखाद्या दिवशी तुम्ही साधं वरण-भात-भाजी करा आणि एक वाटी त्यांच्यासमोर ठेवा, आग्रह न करता. उचलली तर उचलली.

आणि पट्टीवर 'प्रिल' नसलाच, तर मला पुन्हा लिहा. या वेळी सगळ्या गोळ्यांची नावं, कधीपासून, किती वाजता, हे सगळं. गोडंबीच्या भाजीची कृती माझ्या बायकोनं केव्हाच कापून ठेवली आहे. फक्त गोडंबी किती वेळ भिजवायची ते तुम्ही लिहिलेलं नाही, तेवढंही कळवा.